बोट दाखवून काढलेले फोटो

फेब्रुवारी लागला की पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मी खिडकी धरते आणि ती कोणालाही देत नाही. एरवी मी बरी बाई आहे. म्हाताऱ्यांना उठून जागा देते, कोणाचं रडकं पोर मांडीवर घेते, शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या बायांच्या नारळाच्या पिशव्या पायाशी ठेवून घेते. पण संत्रा फुलून राहिला असतो तेवढे दिवस खिडकी माझी. कंडक्टर म्हणतो, मॅडम, काच लावा, लोकायले थंडी लागून राहिली. मला त्या दिवसांत ऐकू कमी येतं.

यंदाही बहार चांगला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बगीचे पांढरेफट्ट. संत्र्याला फूल यावं म्हणून आधी त्याचं पाणी तोडतात, ताण देतात. झाड मलूल होतं, पानं वळतात, बघणाऱ्याला वाटतं गेलं आता. मग एक दिवस मालक पाणी सोडतो आणि थोड्याच दिवसांत हा असा वास, डोक्यात शिरणारा, थोडा कडवट, थोडा देवघरातल्यासारखा. लोधीखेड्याकडची माणसं म्हणतात की या वासात झोप चांगली लागते. मला तर उलटच होतं. मला तो वास आला की शाळेच्या हॉलमधली निळी सतरंजी आठवते, तिच्यावर पसरलेले फोटो आठवतात आणि पाठोपाठ प्रणाली आठवते. मग बसमध्ये मी एकटीच हसते आणि शेजारची बाई जरा सरकून बसते.

मी मध्य प्रदेशातल्या या सौंसरच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवते. आमची शाळा कागदावर हिंदी आहे, वर्गात हिंदी चालते, पण वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की सगळी वऱ्हाडी. पोट्टे प्रार्थना हिंदीत म्हणतात आणि भांडतात मराठीत. काही वर्षांपूर्वी अकरावीला नकाशाचा धडा चालू होता. पोरांना समोच्च रेषा तोंडपाठ, अक्षांश-रेखांश तोंडपाठ. म्हटलं, चला, आपल्या शाळेचा नकाशा काढा. तर सगळ्यांनी एकच नकाशा काढला. पुढे गेट, मधे झेंड्याचा खांब आणि सगळ्यात मोठा चौकोन प्राचार्यांच्या खोलीचा. त्या खोलीत यातलं एकही पोर कधी आपणहून गेलेलं नाही, पण नकाशात तीच सगळ्यात मोठी. माझं डोकंच सटकलं. तुम्ही रोज येता कुठे, या खोलीत येता का, असं मी विचारलं.

तेव्हा मला फोटोचं सुचलं. म्हटलं, हात खोटं बोलतो, डोळा तरी खरं सांगेल. पण शाळेत फोन आणायला बंदी. प्राचार्य सर सज्जन माणूस, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत तक्रार दिसते. मी परवानगी मागितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. ते काळजीत पडले की हेच करतात. पोट्टे आणि फोन म्हणजे आगीत तेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं की माझा एक जुना फोन आणि माझ्या नवऱ्याचा काच तडकलेला फोन, दोन्ही बिनसिमचे, माझ्या देखरेखीखाली फिरतील. पोरांना मी काम दिलं ते असं: शाळेतली जी जागा तुमची आहे, तिचा फोटो काढा.

पहिल्या दिवशीचे फोटो मी घरी जेवण झाल्यावर बघायला घेतले आणि हसून हसून मला ठसका लागला. प्रत्येक फोटोत कोणीतरी उभं होतं. ताठ, पाय जोडलेले, चेहरा पोलिस ठाण्यात बसवल्यासारखा आणि एक हात लांब करून बोट दाखवत. नळाकडे बोट. फळ्याकडे बोट. चिंचेच्या झाडाकडे बोट. एका पोराने तर रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं होतं आणि बाकाला बिचाऱ्याला त्याआधी ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हटलं, हे काय, लग्नाला आले का सगळे? रोशन नावाचं एक पोरगं होतं, वर्गातलं सगळ्यात बोलघेवडं, त्यानं उठून मला समजावलं. मी त्याच्या डोळ्यांत दया बघितली.

"मॅडम, माणूस नसला तं फोटो पास नाही होत."

मग माझ्या लक्षात आलं. यांच्या घरी फोटो कशाचा निघतो? घरकुल बांधलं की घरापुढे उभं राहून. संडास झाला की संडासाच्या दारापुढे. नळ आला, झाड लावलं, बोअर झाली, की पंचायतीचा सचिव मोबाइल घेऊन येतो आणि घरातली बाई डोक्यावर पदर घेऊन त्या वस्तूशेजारी उभी राहते, बोट दाखवते. हितग्राही, म्हणजे योजनेची लाभार्थी, म्हणतात तिला. फोटो म्हणजे आठवण नव्हेच यांच्याकडे, फोटो म्हणजे पुरावा. वस्तू आहे आणि माणूस तिच्याजवळ आहे, बस. रोशनच्या आजीचा उभ्या आयुष्यात एकच फोटो होता आणि त्यात ती संडासाकडे बोट दाखवत होती. आजी गेली तेव्हा तोच कापून, मोठा करून हार घातला, असं तो अगदी सहज सांगून गेला. बोट कापलं ना रे, असं मी विचारलं. कापलं म्हणे, पण हात तेवढा लांबच दिसतो.

तर मी शहाणपण शिकवलं. म्हटलं, पोरांनो, इथे कोणाला काही पास करायचं नाही. उभं राहायचं नाही, बोट दाखवायचं नाही, झाडपूस करायची नाही. तुमच्या डोळ्याला जे दिसतं ते, जसं आहे तसं. वर्गभर फिरत मी हे जोरात सांगितलं आणि माझं मलाच फार बरं वाटलं.

आणि मग काय फोटो आले! आजही त्यातले कित्येक माझ्या डोळ्यापुढून जात नाहीत. उन्हाच्या पट्ट्यात उडणारी खडूची भुकटी. टिफिनच्या झाकणावर मुंग्यांची रांग. सायकलींच्या सावल्या एकमेकींत अडकलेल्या. बाकावर कर्कटकानं कोरलेलं कोणाचं तरी नाव आणि त्यावर दुसऱ्या कोणीतरी मारलेल्या रेघोट्या. पाण्याच्या टाकीच्या सिमेंटवर ओलं असताना उमटलेला कुत्र्याचा पाय. रोशन तर गच्चीवर कसा गेला कोण जाणे, गच्चीला कुलूप असतं. तिथून त्यानं सगळ्या शाळेचाच फोटो काढला, खाली मैदान, मैदानाच्या कुंपणापलीकडे संत्र्याचा बगीचा, पांढरा. गच्चीवर कसा गेला हे मी विचारलं नाही. काही गोष्टी मास्तरणीनं विचारू नयेत.

ते दिवसच मोठे गोड होते. परीक्षा तोंडावर आली होती, इतर मास्तर प्रश्नसंच सोडवून घेत होते आणि माझी पोरं फोन घेऊन भिंतींना डोळे लावत फिरत होती. स्टाफरूममध्ये मला टोमणे बसले. भूगोल झाला, आता फोटोग्राफी, मग काय लग्नाच्या ऑर्डरी घेणार का? मी म्हटलं, घेईन, तुमच्या पोरीच्या लग्नात सवलत देईन. दुपारच्या तासाला वारा फिरायचा आणि बगीच्याचा वास वर्गात यायचा. मी बोलता बोलता थांबायची, पोरंही थांबायची. तो वास सगळ्यांना सारखाच येतो, पुढच्या बाकाला आणि मागच्या बाकालाही.

बाजारातल्या स्टुडिओत मी फोटो छापून आणले आणि एका शनिवारी हॉलमध्ये निळी सतरंजी अंथरली. पोरांना म्हटलं, जो फोटो जिथला आहे तिथे ठेवा, आता याचाच नकाशा करू. अर्ध्या तासात सतरंजीवर शाळा उभी राहिली. मग मी, मला काय बुद्धी झाली कोण जाणे, म्हटलं की आता फक्त पोरांनी आपापले फोटो उचला, पोरींचे राहू द्या. पोरांनी उचलले. गच्ची गेली, चिंच गेली, मैदान गेलं, सायकल स्टँड, गेटजवळचा कट्टा, मागची भिंत, सगळं गेलं. राहिला तो जिना, नळ, वर्ग आणि त्यांना जोडणारा व्हरांडा. एवढ्या मोठ्या सतरंजीवर एक छोटासा ढीग.

रोशनच्या हातात फोटोंची थप्पी होती, ती घेऊन तो तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, पोरींची शाळा तं लहानशीच हाय मॅडम. चिडवायला नव्हे. त्याला ते तेव्हाच दिसलं होतं आणि मलाही.

त्या ढिगात एक फोटो वेगळा होता. जिन्याला आमच्याकडे सिमेंटची जाळी आहे. तिच्या एका भोकातून काढलेला मैदानाचा फोटो. चारी बाजूंनी काळं, मधे एक गोल आणि त्या गोलात सकाळचं मैदान, रिकामं, धुकट. फोटो प्रणालीचा होता.

प्रणाली लोधीखेड्याजवळच्या एका खेड्यातून यायची. आई शेतमजूर, वडील नगर पंचायतीत कामाला. उंच, काटक, बोलायला कमी. वेणी घट्ट, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. मी तिला विचारलं, तुझी जागा म्हणून तू मैदान काढलं, मग जाळीच्या आडून का? तर म्हणाली की मी तं इकडंच होती. मग थांबून थांबून तिनं सांगितलं ते असं. गावातल्या शाळेत ती पळायची. पोरांच्याही पुढे. मास्तर नुसतं सुटी म्हणायचे आणि ती गेटापर्यंत पोचलेली असायची. नववीत या मोठ्या शाळेत आली आणि तेव्हापासून तिनं मैदानावर पाय ठेवला नव्हता. रोज सुटीत जिन्यावर बसून डबा खायचा आणि जाळीतून बघायचं. मी म्हटलं, अगं, पण तुला कोणी अडवलं? कोणी नाही म्हटलं?

"कोणी नाही म्हटलं नाही, मॅडम. पण कोणी या बी म्हटलं नाही."

आणि मग फोटोकडे बघत म्हणाली की पुढच्या साली बारावी. बारावी झाली का घर. मंग कुठचं मैदान?

त्या दिवशी बसमध्ये मी घरी जाईपर्यंत तेच डोक्यात. मीसुद्धा अशाच शाळेत शिकले. मला आमच्या शाळेचं मैदान आठवतं ते जिन्यावरूनच. आणि या शाळेत इतकी वर्षं शिकवून कुंपणापलीकडच्या त्या बगीच्यापाशी मी मैदान ओलांडून एकदाही गेले नव्हते. पोरांना जगाचा नकाशा शिकवणारी बाई! आमच्याकडे बाई कुठे जात नाही असं मुळीच नाही. कापूस वेचायला कोसभर जाते, संत्रा तोडायला ट्रकमध्ये बसून दुसऱ्या गावी जाते, अंधारात विहिरीवर जाते. पण कामाला जाते. मैदानावर काय काम? तिथे माणूस नुसतं असतं. बाईनं कुठे नुसतं असावं, याची सवय ना आम्हाला, ना बघणाऱ्यांना.

पोरींना मैदान पाहिजे असं मी जाऊन सांगितलं, तेव्हा प्राचार्य सरांनी चष्मा पुसला. त्यांचं म्हणणं, मना कोणी केलं? खरंच कोणी केलं नव्हतं. खेळाचे सर म्हणाले, बॉल लागला तर जबाबदारी कोणाची? मी सरांच्या टेबलावर आधी सगळे फोटो मांडले आणि मग पोरांचे उचलून घेतले. सरांनी त्या छोट्या ढिगातला एकेक फोटो उचलून बघितला. त्यांनाही दोन पोरी आहेत. शनिवारचा शेवटचा तास मैदान पोरींचं, असं त्यांनी नोटीस बोर्डावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं.

वाटलं, जिंकलो. कुठचं काय! पहिल्या शनिवारी पोरी मैदानाच्या कडेला आल्या, ओढण्या सावरत एका ओळीत उभ्या राहिल्या आणि पुढे एक पाऊल जाईना. व्हरांड्यात पोरं दाटलेली, कुलूप उघडून गच्चीच्या कठड्याशी मास्तर. ही म्हणे तू जा, ती म्हणे तूच जा. प्रणाली सगळ्यांच्या पुढे होती. तिचा एक पाय उचललेला मी बघितला, आणि मग कोणीतरी व्हरांड्यातून शिटी मारली. तिनं पाय मागे घेतला. घंटा झाली तेव्हा सगळ्या पुन्हा जिन्यावर होत्या. प्रणाली माझ्याशी बोलली नाही, आठवडाभर मान खाली घालूनच राहिली. मला तर वाटलं, उगाच आशा लावली या पोरीला. ताण देऊन ठेवला आणि पाणी काही सोडता आलं नाही.

पुढच्या शनिवारी ती स्टाफरूमच्या दारात आली. फोन द्या म्हणाली. फोटोचं काम राहिलं आहे एक. मी दिला. ती पोरींना म्हणाली, चला, मॅडमचं काम आहे, मैदानात ग्रुप फोटो काढायचा आहे. आणि काय सांगू, काम म्हटल्यावर सगळ्या गेल्या! सरळ चालत, मैदानाच्या मध्यापर्यंत, बाजाराला निघाल्यासारख्या. व्हरांड्यातल्या पोरांनाही काही वाटलं नाही. कामानं जाणाऱ्या बायांकडे कोण बघतं? जाता जाता तिनं माझाही हात धरला. मॅडम, तुम्ही बी चला. मी चपला सावरत गेले. पायाखाली बारीक मुरूम आणि कुंपणाकडून वाऱ्यानं आलेल्या संत्र्याच्या पाकळ्या. मैदान मधून फार मोठं दिसतं, हे मला माहीत नव्हतं.

सगळ्या उभ्या राहिल्या, ताठ, आणि एकेकीनं बोट काढलं. खाली, पायापुढच्या जमिनीकडे. मी म्हटलं, अगं, बोटं खाली घ्या, काय शिकवलं मी तुम्हाला? तेव्हा प्रणाली म्हणाली,

"नाही मॅडम, आज बोट पायजे. उद्या कोणी म्हणन, तुम्ही कुठं होत्या इथं."

मीही माझं बोट काढलं.

तिनं फोन विटेला टेकवला, टायमर लावला आणि आमच्याकडे धावत आली, आमच्यात उभी राहिली, बोट दाखवलं. फोटो निघाला. बघून म्हणाली, हलला, पुन्हा काढू. वीट उचलून चार पावलं मागे नेली. पुन्हा टायमर, पुन्हा धावत आली. हाही हलला म्हणाली. मी बघितला, अजिबात हलला नव्हता, माझ्या साडीच्या काठाची नक्षीसुद्धा मोजता आली असती. पण वीट आणखी मागे गेली. मग आणखी. दर खेपेला लांब, दर खेपेला जोरात. ओढणी तिनं कधी काढून कमरेला बांधली कळलंच नाही. व्हरांड्यातली पोरं पुढे सरकून बघत होती. मग तिकडून रोशनचा आवाज आला, अजून मांगं ने, जामसांवलीच्या मंदिरापर्यंत ने! आणि सगळे हसले, तीही हसली. शेवटी वीट अगदी बगीच्याच्या कुंपणाला जाऊन टेकली.

आता शनिवारच्या तासापुरतं नाही, रोजच्या सुटीतही पोरी मैदानावर असतात. नव्या पोरी खो-खो खेळतात, मैदानासाठी पोरांशी कचाकचा भांडतात आणि त्यांना वाटतं हे असंच होतं पहिल्यापासून. प्रणाली छिंदवाड्याला नर्सिंग शिकते. मधे फोन आला होता, होस्टेलच्या मागे मोकळी जागा आहे म्हणाली, सकाळी जातो आम्ही. काय काम असतं गं तिथे, असं मी मुद्दाम विचारलं. काहीच नाही मॅडम, म्हणाली आणि खूप हसली.

कुंपणापासून काढलेला तो शेवटचा फोटो माझ्या पर्समध्ये असतो. बसमध्ये वास आला की काढते. लांबवर आम्ही सगळ्या उभ्या, हितग्राही, पाय जोडून, चेहरे गंभीर, मीही त्यात. त्या खेपेला तिला वेळेत पोचता आलं नाही. ती अजून वाटेतच आहे, आमच्याकडे तोंड करून, वेणी हवेत, पाय पुसट, आणि तिच्या मागे-पुढे सगळं मैदान. आम्ही सगळ्या जमिनीकडे बोट दाखवत होतो, आणि आमच्या बोटांपुढे तीच पळून राहिली आहे.